गिअरबॉक्स गेला म्हणतात तेव्हा

चंद्रपुरात ऑटोगिअरची गाडी बिघडली की ती माझ्या गॅरेजात बहुतेक वेळा निकाल लागूनच येते. मालक दार उघडता उघडता सांगतो, "उस्ताद, गिअरबॉक्स गेला म्हणते." कोण म्हणते, असं विचारलं तर कधी शेजारी, कधी साळा, कधी टायरवाला. मी तेव्हा गिअरबॉक्सबद्दल काहीच बोलत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मागच्या महिना-दोन महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली होती?

मालकाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. गाडी झटके मारते, ते बघा ना. मी कुठे गेलो होतो त्याच्याशी तुम्हाला काय करायचं? पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत त्या प्रश्नावरच अर्धी तपासणी होते. घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्याने रोज ये-जा करणारी गाडी, मोहर्लीच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर झाडाखाली उभी राहिलेली गाडी आणि ऑगस्टात भामरागडला जाऊन आलेली गाडी, तिन्ही गाड्यांची तक्रार एकच असते : झटका मारते, पिकअप घेत नाही. बिघाड मात्र तीन असतात, आणि त्यातले दोन तर गिअरबॉक्सच्या बाहेरचेच.

मी चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला तेव्हा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन पुस्तकातल्या एका आकृतीपुरतं होतं. मास्तरांनी ती आकृती फळ्यावर काढली आणि 'परीक्षेला येत नाही' म्हणून पुसली. हात बसला तो नंतर नागपूरच्या वर्कशॉपमध्ये. तिथून परत येऊन इथे शेड टाकलं तेव्हाही ऑटोगिअरच्या गाड्या म्हणजे एखाद्या मोठ्या कंत्राटदाराची किंवा कारखान्याच्या साहेबाची. चित्र बदललं २०१४ नंतर. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि तिच्यात एएमटी दिली. साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र, म्हणजे अॅक्च्युएटर, बसवलेलं. त्याच वर्षी टाटांची झेस्ट आली, ऑल्टो के१० आली. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम, बँकेचे मॅनेजर, गुडघे दुखतात म्हणून क्लच नको झालेले गुरुजी, सगळे ऑटोगिअरवर आले. क्रिस्टा, फॉर्च्युनर, क्रेटा यांचे टॉर्क कन्व्हर्टरवाले गिअरबॉक्स खाणीच्या आणि रस्त्याच्या कंत्राटांबरोबर आले. शिवाय पुण्याहून, हैदराबादहून सेकंडहँड गाड्या येतात. त्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जाळून बसलेली गाडी वडशाला येऊन "कालपर्यंत मस्त चालत होती जी" म्हणून माझ्यापुढे उभी राहते.

लोकांना वाटतं ऑटोमॅटिक म्हणजे एक काहीतरी यंत्र आहे. तसं नाही. एएमटीत तुमचा-माझा जुनाच गिअरबॉक्स आणि कोरडी क्लच प्लेट असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलात समोरासमोर फिरणारी दोन पाती असतात, एकाने ढकललेल्या तेलाने दुसरं फिरतं. ही कल्पना जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजासाठी काढली होती. गाडीत तेलातून ताकद पोचवणारा आणि गिअर आपोआप बदलणारा पहिला खपाऊ गिअरबॉक्स जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलला बसवला. सीव्हीटीत गिअर नसतातच, दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, एक एकी गिअरांचा, एक बेकी गिअरांचा. गाडीत यातलं काय आहे हे मालकाला माहीत नसतं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की खरोखरच गिअरबॉक्स जातो. सीव्हीटीला निराळं तेल लागतं, कारण पोलादाचा पट्टा पोलादाच्या पुलीवर पकड घेतो ती त्या तेलाच्या गुणावर. कमी झालं म्हणून रस्त्यातल्या गॅरेजात कोणी प्रेमाने एटीएफ, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकचं लाल तेल, ओतून दिलं की पट्टा घसरायला लागतो. अशा गाड्या पाहिल्यात.

माझी तपासणी गाडीखाली सुरू होत नाही. ती बॅटरीपासून सुरू होते. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४६-४७ वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा विचारच नको. या उष्णतेत बॅटऱ्या लवकर मरतात. साध्या गाडीत बॅटरी मेली तर स्टार्टर कुरकुरतो आणि माणसाला कळतं. ऑटोगिअरच्या गाडीत व्होल्टेज पडलं की आधी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो. त्याचे सोलेनॉइड नीट उघडत नाहीत, एएमटीचा पंप दाब धरत नाही, डॅशबोर्डवर 'एन' लुकलुकायला लागतो. मीटर लावून बघायचं : बंद गाडीत १२.६ च्या आसपास हवं, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. ते बरोबर असलं तरी मी थांबत नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट गिअरबॉक्सच्या धातूला लावून स्टार्टर मारायला सांगतो. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंगची पट्टी संशयित. कुरखेड्याकडच्या एका गुरुजींची गाडी दोन ठिकाणी 'अॅक्च्युएटर बदला' ऐकून माझ्याकडे आली होती. अर्थिंगची पट्टी बोल्टापाशी हिरवी होऊन तंतू-तंतू उरली होती. पट्टी बदलली, बूड घासून साफ केलं, काम झालं. गुरुजींचा विश्वास बसेना. इतक्या स्वस्तात बरी झालेली गाडी लोकांना संशयास्पद वाटते, हा आमच्या धंद्यातला एक गमतीचा भाग आहे.

तसाच दुसरा प्रकार ब्रेकच्या स्विचचा. आलापल्लीच्या मुक्कामाहून एका साहेबांचा सकाळी फोन. गाडी चालू होते, पण लिव्हर 'पी'मधून हलत नाही; गिअर आत अडकलाय, नागपूरहून क्रेन बोलावू का? मी म्हटलं, "साहेब, कोणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. लाल दिवे लागतात का?" नाही लागत. मग गिअर अडकलेला नाहीच. ब्रेक दाबल्याची खबर कॉम्प्युटरला मिळाल्याशिवाय लिव्हरचं कुलूप उघडत नाही, आणि ती खबर देणारा पेडलवरचा छोटा स्विच गेलेला. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटी टोपी असते. ती काढून आत स्क्रू-ड्रायव्हरने दाबलं, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर ओढला की गाडी सुटते. साहेब स्वतःच गाडी चालवत चंद्रपूरला आले. मागचे दिवे लागत नाहीत म्हणून सावकाश, दिवसाउजेडी.

'डी' टाकताना धाडकन आवाज येतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत मी आधी बॉनेट उघडतो. पोऱ्याला आत बसवतो, ब्रेक करकचून दाबून डी-आर, डी-आर करायला लावतो आणि इंजिन किती उड्या मारतं ते बाजूला उभा राहून बघतो. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर इंजिन उचललं जातं आणि आपटतं. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांनी जे खड्डे पाडले, त्यांच्या कृपेने माउंटिंग बदलायचं काम मला कमी पडलेलं नाही.

आता तेलाकडे येऊ. लोकांना पट्टी ओढून तेल बघायची सवय असते. आताच्या बहुतेक ऑटोमॅटिकला पट्टीच नाही. खालचा बोल्ट काढून, तेल ठरलेल्या तापमानाला आणून, जास्तीचं बाहेर ठिपकू द्यायचं आणि धार थांबता थांबता बोल्ट लावायचा. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. थंड गाडीत मापलं तर चूक, तापलेल्या गाडीत मापलं तर चूक. "कंपनी म्हणते तेल आयुष्यभर बदलू नका," असं मालक सांगतात. आयुष्य कोणाचं, हा प्रश्न आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते, आणि उन्हाळा-ओझं असेल तर आणखी लवकर. उन्हाळा आणि ओझं यांत आम्ही कोणाला हार जाणार नाही.

काढलेलं तेल मी पांढऱ्या कागदावर घेतो. लालसर, स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी झालं आणि जळका वास आला तर क्लचच्या चकत्या घसरून तापल्यात. खालच्या तव्यात चुंबक असतात. त्यांच्यावर करडी, लोण्यासारखी मळी असणं नैसर्गिक आहे, ती बघून घाबरायचं नाही. बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले तर मात्र घाबरायचं. काळे पापुद्रे निघाले तर चकत्यांवरचं अस्तर सुटतंय. चंद्रपूर-पद्मापूर-घुग्घुस पट्ट्यातल्या गाड्यांत जळकं तेल दिसलं की मी गाडीच्या तोंडाकडे बघतो, रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीकडे. कोळशाची भुकटी, त्यावर पावसाचा चिखल, त्यावर पुन्हा भुकटी. जाळीतून हवा जात नाही, तेल थंड होत नाही. अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडून दुरुस्त केला आणि जाळी तशीच ठेवली तर मालक पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणारच. जाळी आतून बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेने धुवायची असते. बाहेरून प्रेशरचा फवारा मारला की पाती मुडपतात आणि घाण आणखी आत बसते.

मग रस्त्यावर चाचणी. माझा चाचणीचा रस्ता मूलचा. लोहाऱ्याच्या पुढे जंगल लागतं, रहदारी कमी होते, ५०-६० चा वेग धरून ठेवता येतो. या वेगात गाडी चाकाखाली बारीक उंचवटे असल्यासारखी थरथरत असेल, तर मालकाने आधी व्हील बॅलन्सिंग केलेलं असतं, प्लग बदललेले असतात, टायरवाल्याशी भांडणही झालेलं असतं. मी अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करतो, वेग कमी होणार नाही इतका. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. गाडी स्थिर वेगात आली की तो दोन्ही पाती एकमेकांना जखडतो. ब्रेकचा इशारा मिळाला की तो सुटतो. स्पर्श केल्याबरोबर थरथर थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर दोष लॉक-अपचा. थांबली नाही, तर इंजिनात, चाकात, कुठेही शोधा, लॉक-अपमध्ये नाही. लॉक-अपची थरथर पुष्कळदा तेल बदलूनच जाते. गाडी तशीच दामटत ठेवली तर नाही जात. काही मिस्त्री स्टॉल टेस्ट करतात. ब्रेक दाबून 'डी'मध्ये पूर्ण रेस द्यायची आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडतं ते बघायचं. चाचणी खरी आहे, पण पाच सेकंदांच्या पुढे गेली तर तेल उकळतं. गिऱ्हाइकासमोर रुबाब म्हणून ती करणाऱ्यांपासून गाडी दूर ठेवावी.

पाण्याचं प्रकरण मात्र आमच्याकडचं खास आहे.

भामरागडला पामुलगौतम, इंद्रावती आणि पर्लकोटा एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की गावाचा संपर्क तुटतो. हे दर वर्षीचंच. २०१९ ला भामरागडने आणि जुलै २०२२ ला सिरोंच्याने जे पाणी पाहिलं ते तर बातम्यांत आलं. पण माझ्याकडे गाड्या येतात त्या महापुरातून नाही, साध्या रपट्यांवरून. नाल्यावर ठेंगणा रपटा, त्यावरून गुडघाभर गढूळ पाणी, पलीकडे कामाची साइट. ड्रायव्हर म्हणतो, ट्रॅक्टर गेला, आपण बी जाऊ. गाडी जाते, बंदही पडत नाही. म्हणून त्याला वाटतं काहीच झालं नाही.

होतं ते असं. जंगलातल्या चढ-उतारावर चालून आलेल्या गिअरबॉक्समधलं तेल ८०-९० अंशांवर असतं. तो एकदम थंड पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी नळी असते. तिचं तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. ब्रीदर चिखलाने आधीच बुजलेला असेल तर पाणी ऑइल सीलच्या ओठांतून वाट काढतं. किती? पेलाभर पुरेसं आहे. आतल्या चकत्यांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, डिंकाने चिकटवलेलं. पाणी त्या डिंकात मुरतं, अस्तर फुगतं, आणि काही दिवसांनी सुटायला लागतं. तोवर रपटा विसरलेला असतो.

एटापल्लीकडे काम असलेल्या एका कंत्राटदाराची मोठी गाडी अशीच आली. तक्रार थरथरीची. मी ठरलेला प्रश्न विचारला. "पाण्यात गेलीच नाही जी, देवाशपथ." तेल काढलं तर गुलाबी दुधासारखं. आता पाणी दोन वाटांनी येऊ शकतं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. ती फुटली तर कूलंट तेलात आणि तेल कूलंटमध्ये मिसळतं. म्हणून आधी कूलंटची टाकी बघितली. पातळी पूर्ण, रंग स्वच्छ, वर तेलाचा एक थेंब तरंगत नाही. दाब देऊन ठेवला, उतरला नाही. म्हणजे रेडिएटर निर्दोष, पाणी बाहेरचं. मग गाडी रॅम्पवर चढवली. खालच्या पत्र्याच्या वळणात वाळलेली बारीक वाळू, पुढच्या बंपरच्या आत सागाचं कुजलेलं पान, सीटच्या पट्टीवर ताजा गंज, गालिच्याखालचा फोम अजून ओलसर. बंपरच्या आत गाळाची रेष होती, तिची उंची टेपने मोजली. ब्रीदरच्या वर. कंत्राटदारांना हाताने धरून खाली नेलं आणि दाखवलं. ते ड्रायव्हरकडे बघत राहिले. ड्रायव्हर माझ्याकडे.

ड्रायव्हरने सांगितलं नव्हतं कारण नोकरी जाईल. मालक सांगत नाहीत कारण विम्याचा दावा बारगळेल असं कोणीतरी सांगितलेलं असतं. या लपवालपवीत दिवस जातात, आणि पाण्याच्या बाबतीत दिवस म्हणजेच पैसा. दुसऱ्या दिवशी गाडी आली असती, तीही चालवत नाही, लादून, तर तेल काढून नवं भरणं, पुन्हा काढणं, पुन्हा भरणं एवढ्यावर भागण्यासारखं होतं. एकदा तेल काढून सगळं निघत नाही. कन्व्हर्टरच्या पोटात बरंच राहतं, म्हणून पुन्हा पुन्हा. त्या गाडीत मात्र तव्यात काळे पापुद्रे आले होते. गिअरबॉक्स उघडावा लागला. पार्ट नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आले. खर्च लाखाच्या घरात.

लादून आणण्याचा विषय निघालाच आहे. गडचिरोलीच्या आत गाडी बंद पडली की पहिली मदत ट्रॅक्टरची मिळते, आणि ट्रॅक्टरवाला माणूस चांगला असतो म्हणूनच नुकसान होतं. दोर बांधतो, न्यूट्रल टाकायला सांगतो आणि आलापल्लीपर्यंत ओढत आणतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतली चक्रं कोरडी फिरतायत. एका सेन्सरमुळे थांबलेली गाडी माझ्यापर्यंत पोचते तेव्हा तिच्या बेअरिंगा निळ्या पडलेल्या असतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. फोर-बाय-फोर असेल तर चारही. फ्लॅटबेड इथे सहजी मिळत नाही. मग एखादा आयशर उंच बांधाला उलटा लावून, फळ्या टाकून गाडी चढवायची. सांगायला सोपं, करायला दहा माणसं लागतात, पण आमच्याकडे दहा माणसं जमतात.

एएमटीची अडचण उलटी. ती ओढली तर आत काही बिघडत नाही, साधाच गिअरबॉक्स आहे. पण बॅटरी मेली तेव्हा गाडी गिअरमध्ये असेल तर ती न्यूट्रलला येतच नाही, आणि धक्का मारून चालू होत नाही. दुसरी बॅटरी लावा, मग बोला. एएमटीच्या गाडीचं दार उघडलं की बॉनेटखालून गुंईं असा आवाज येतो, तो दाब भरणाऱ्या पंपाचा. तो एकदा येऊन थांबला पाहिजे. गाडी नुसती उभी असताना दर थोड्या वेळाने पंप पुन्हा पुन्हा गुणगुणत असेल तर दाब कुठेतरी गळतोय, किंवा दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर मेलाय. हे ऐकायला स्कॅनर लागत नाही. शांत जागा लागते, ती आमच्याकडे आहे.

क्लच जळायला मात्र आमच्याकडे एक वेगळंच कारण आहे. मोहर्ली रस्त्यावर वाघ दिसतो. गाड्या थांबतात. वाघ झुडपाआड गेला की गाडी चार हात पुढे, बाहेर आला की चार हात मागे. पूर्ण थांबायच्या आत डीवरून आरवर, आरवरून डीवर, मधल्या वेळात ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलेली. कोरडी क्लच प्लेट यासाठी बनलेली नाही. 'क्लच ओव्हरहीट' असा इशारा पडद्यावर येतो, पण त्या वेळी पडद्याकडे बघतो कोण? वाघाचा फोटो मला दाखवतात. चांगला असतो. क्लचचे पैसे वेगळे.

स्कॅनरबद्दल लोकांच्या मनात मोठी श्रद्धा आहे. तो लावला की यंत्र दोषाचं नाव सांगतं, असं वाटतं. पी ०७०० हा कोड आला की गिअरबॉक्स गेला, अशी आवई उठते. त्या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला 'माझ्याकडे काही नोंद आहे' असं कळवलंय. नोंद कसली, ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरलाच विचारावं लागतं, आणि मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा तिथपर्यंत पोचत नाहीत. पी ०७१५ आला तर आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा सेन्सर बोलत नाहीये. सेन्सर मेला, त्याच्यावर लोखंडाची भुकटी बसली, की वायर तुटली, हे कोड सांगत नाही. जंगलाच्या कडेला रेस्टहाउसवर चार-पाच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत मी आधी वायरिंग चाचपतो. उंदीर आणि खारी हार्नेस कुरतडतात, आणि इंजिनाच्या उबेला घरटंही करतात. पाच-सात कोड एकदम आले तर सात दोष नसतात, बहुधा एक उंदीर असतो.

कोड पुसून टाकणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. बॅटरी काढायची, पंधरा मिनिटांनी लावायची, दिवा गेला, पाचशे रुपये. दोष घडला तेव्हा वेग किती होता, तेल किती तापलं होतं, कितवा गिअर होता, ही नोंद त्याबरोबर जाते. शिवाय गाडी चालवणाऱ्याच्या सवयीवरून गिअरबॉक्सने जे शिकून ठेवलेलं असतं तेही काही गाड्यांत पुसलं जातं, आणि ती पुढचे काही किलोमीटर आणखी झटके मारते. दिवा लागला तर डॅशबोर्डचा फोटो काढा, पुसू नका.

एवढं सगळं करून झाल्यावर, आणि ते सगळं चंद्रपूरच्या उन्हात एका दिवसात होत नाही, मग गिअरबॉक्स उघडायचा की नाही याचा विचार. माझ्याकडे 'गिअरबॉक्स गेला' म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बहुतेकांचा उघडावा लागलेला नाही. ज्यांचा लागला, त्यांतल्या बऱ्याचशा पाण्यातून आल्या होत्या किंवा दोराने ओढून.

म्हणून या भागात येणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. रात्री जंगलात गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रांगायला लागली, तर सुरक्षित जागी थांबवा, थंड होऊ द्या, बंद करून पुन्हा चालू करा. पुष्कळदा जवळच्या गावापर्यंत ती नेते. दोराने ओढू देऊ नका. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, ते बहुधा काही तासांत उतरतं. आणि गाडी पाण्यातून काढलीच असेल, तर ती पुढे न चालवता त्याच दिवशी मिस्त्रीला फोन करा, पाणी कुठवर आलं होतं ते खरं सांगा, आणि ड्रायव्हरने सांगितलं म्हणून त्याला कामावरून काढू नका.